ओलं फडकं आणि भर दुपारची सभा

चंद्रपुरात ४५ अंश, पनवेलला ३८ अंश. बातम्यांत लाल रंग चंद्रपूरला मिळतो आणि पनवेलकर 'आपल्याकडे बरंय' म्हणून हुश्श करतात. आता याच दोन आकड्यांना हवेतला दमटपणा जोडा. चंद्रपूरच्या दुपारी आर्द्रता १२ टक्के धरली तर थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळल्यावर पारा साधारण २२ अंशांवर येऊन थांबेल. पनवेलला ४५ टक्के धरली (कोकणातल्या एप्रिलमध्ये हे काही जगावेगळं नाही), तर तेच ओलं फडकं २७.५ अंशांच्या खाली उतरणार नाही. घामाने अंग गार करण्याच्या हिशेबात ३८ अंशांचं पनवेल ४५ अंशांच्या चंद्रपूरपेक्षा वाईट आहे.

हा ओल्या फडक्याचा आकडा म्हणजे वेट-बल्ब तापमान. पाणी उडून जाताना वस्तू जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, ते हा आकडा सांगतो. नागपुरात माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं आणि गिरगावात तोच माठ नुसता कोमट पाणी पाजतो, त्याचं कारण हेच. माणसाचं शरीरही याच तत्त्वावर चालतं, फक्त माठ बिघडला तर कुणी मरत नाही.

शरीराचा हिशेब असा. नुसतं बसून राहिलेला मोठा माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो. ती बाहेर टाकायला चार वाटा आहेत: स्पर्श, वारा, उत्सर्जन (अंगातून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण) आणि घाम. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून तापली की पहिल्या तिन्ही वाटा बंद होतात, किंबहुना उलट्या वाहू लागतात. मग एकटा घाम उरतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे १०० वॅट फेडायला ताशी दीडशे मिली पुरे. पण डोक्यावर ऊन असेल तर त्याची आणखी दीड-दोनशे वॅटची भर पडते, शिवाय तापलेल्या हवेची वेगळी, आणि गरज ताशी अर्ध्या लिटरवर जाते. यात मेख आहे ती 'उडाला तर' या दोन शब्दांत. कोकणात घाम निथळतो, टपटपतो, बनियन पिळून काढावं लागतं. खाली पडलेल्या थेंबाने शरीर गार होत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता जागेवरच राहिली.

वेट-बल्ब ३५ अंशांवर गेलं की कातडी आणि हवा यांच्यातला फरकच संपतो. सावलीत, पंख्याखाली, हवं तेवढं पाणी पिऊन बसलेला धडधाकट माणूसही मग काही तासांत मरेल, असं गणित २०१० साली मांडलं गेलं. पुढची काही वर्षं ते कागदावरचं टोक समजलं जात होतं. २०२० साली हवामान केंद्रांच्या जुन्या नोंदी चाळल्या गेल्या, तेव्हा पाकिस्तानातलं जेकबाबाद आणि अमिरातीतलं रास अल खैमा यांनी तासा-दोन तासांसाठी ही रेषा ओलांडल्याचं दिसलं.

त्याहून घाबरवणारी गोष्ट पुढे आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांना तापमान मोजणारी गोळी गिळायला लावून गरम खोलीत बसवलं आणि घरातल्या हलक्या कामाइतकी हालचाल करायला लावली. २०२२ साली निष्कर्ष आले. शरीराचं आतलं तापमान आवरेनासं होण्याची सीमा ३५ नव्हतीच. दमट हवेत ती वेट-बल्ब ३०.५ ते ३१ अंशांच्या आसपास होती. कोरड्या, अति तापलेल्या हवेत तर आणखी खाली, २५ ते २८ अंशांमध्ये, कारण तिथे घाम उडायला अडचण नसली तरी घामग्रंथी मागणी पुरवू शकत नाहीत. म्हणजे चंद्रपूरकरांनी वरचा २२ चा आकडा वाचून निश्चिंत व्हायचं नाही. तिथे धोका दमटपणाचा नसून पाणी संपण्याचा आहे. आणि हे सगळं विशी-तिशीतल्या निरोगी माणसांचं. साठीच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईची सीमा याच्याही खाली असणार. बीटा-ब्लॉकर हृदयाला वेग वाढवू देत नाहीत, लघवीच्या गोळ्या पाणी आधीच काढून टाकतात, सर्दीच्या काही गोळ्या घामच कमी करतात.

हा आकडा मोजायला उपग्रह लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतात तसे काचेचे दोन थर्मामीटर घ्या, ० ते ५० अंशांचे असले तर उत्तम, आणि ते एकाच पट्टीवर शेजारी शेजारी बांधा. एकाच्या फुग्यावर धुऊन खळ काढलेल्या मलमलीची एकेरी पट्टी गुंडाळा आणि तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात सोडा. पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालतात ते चालतं. नळाच्या पाण्यातला क्षार मलमलीत साठतो आणि चार-आठ दिवसांत पारा एक-दोन अंश जास्त दाखवू लागतो. बर्फाचं पाणी नको, आकडा खोटा येईल. सावलीत टांगा, टेबलफॅनचा झोत चार-पाच मिनिटं द्या, पारा उतरून थांबला की वाचा. नवशिके चुकतात ते दोन ठिकाणी: वारा न देताच वाचतात, नाहीतर नाक खुपसून वाचताना स्वतःचा श्वास फुग्यावर सोडतात.

उन्हात बसणाऱ्यांसाठी एवढंही पुरत नाही. त्यासाठी तिसरा थर्मामीटर लागतो, काळ्या रंगवलेल्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात बसवलेला. तो सूर्याचा आणि तापलेल्या जमिनीचा मारा मोजतो. मग उन्हात ठेवलेल्या ओल्या फडक्याचा आकडा गुणिले ०.७, काळ्या गोळ्याचा गुणिले ०.२, साध्या हवेचा गुणिले ०.१, आणि तिन्हींची बेरीज. अमेरिकन नौदलाने १९५० च्या दशकात पॅरिस आयलंड या मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण छावणीत भरती झालेली पोरं कवायतीत उष्माघाताने कोसळायची म्हणून हे सूत्र बसवलं. बेरीज ३२.२ च्या वर गेली की तिथे काळा झेंडा चढतो आणि मैदानावरचं कष्टाचं प्रशिक्षण बंद होतं.

आपला पनवेलचा आकडा यात घालून पाहू. सावलीत: ओलं फडकं २७.५, बाकी दोन्ही ३८, बेरीज ३०.७ च्या आसपास. उन्हात: फडकं २९, काळा गोळा ५०, हवा ३८, बेरीज ३४.१. काळ्या झेंड्याच्या जवळजवळ दोन अंश वर. हवामान तेच आणि गावही तेच, फरक एका मांडवाचा आहे.

१६ एप्रिल २०२३, रविवार, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, लाखोंचा जनसमुदाय, मोकळं मैदान. पारा ३८ च्या घरात. अनेकजण आदल्या रात्रीपासून येऊन बसलेले. व्यासपीठावर छप्पर होतं, समोर बसलेल्या श्रीसदस्यांच्या, म्हणजे पुरस्कार मिळालेल्या आप्पासाहेब धर्माधिकारींच्या अनुयायांच्या, डोक्यावर नव्हतं. कार्यक्रम सकाळी सुरू होऊन दुपारी एकच्या सुमाराला संपला. १४ माणसं गेली. त्यानंतर राजकारण झालं ते ठरलेल्या रस्त्याने: चेंगराचेंगरी की उष्माघात, दोष सरकारचा की आयोजकांचा, पाच लाखांची मदत, चौकशी, आरोप-प्रत्यारोप. मग दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम नकोत असं जाहीर झालं. त्या सकाळी मैदानात ओलं फडकं लावून बसणारा एक माणूस का नव्हता, हा प्रश्न मात्र कुठल्याच पक्षाच्या पत्रकार परिषदेत आला नाही.

उन्हातल्या सभेचं व्यवस्थापन म्हणजे 'पाण्याचे टँकर उभे केले होते' एवढंच समजलं जातं. टँकरचा हिशेब तर सोपा आहे: एक लाख माणसं, चार तास, ताशी अर्धा लिटर, म्हणजे दोन लाख लिटर, दहा हजारी वीस टँकर. ते मिळतात. घोडं अडतं नळांवर. पाव लिटरचा पेला भरून पुढच्याला जागा द्यायला दहा सेकंद धरा, एका नळावर तासाला ३६० पेले निघतात. लाख माणसांना ताशी दोन पेले द्यायचे तर साडेपाचशेच्या वर नळ लागतात, आणि तेही मैदानभर विखुरलेले. सगळे टँकर प्रवेशद्वाराशी उभे असतील तर मधल्या रांगेतली बाई उठत नाही; उठली तर जागा जाते, बरोबरच्यांची चुकामूक होते. शिवाय स्वच्छतागृहांचा पत्ता नसेल तर ती पाणी मुद्दामच पीत नाही. बायकांच्या बाबतीत हे कारण नळांच्या संख्येइतकंच मोठं आहे आणि आयोजकांच्या एकाही यादीत ते दिसत नाही.

दाटी हा वेगळाच ताप. चौरस मीटरला चार माणसं बसली की त्या चौरस मीटरातून ४०० वॅट उष्णता निघते, वर तेवढ्यांच्या घामाची वाफ. वारा अडतो. हवामान खात्याचा आकडा मोकळ्या जागेत, सावलीतल्या पांढऱ्या पेटीतला असतो. गर्दीच्या मधोमध परिस्थिती त्याहून वाईट असते. तिथे तुषार उडवणारे पंखे लावायची फॅशन आली आहे. विदर्भात ते उत्तम चालतात. कोकणात बंदिस्त मांडवात लावले तर आधीच भरलेल्या हवेत आणखी पाणी भरतात. नुसता पंखा मात्र कोकणात उपयोगाचा, आणि ४५ अंशांच्या कोरड्या झळेत तोच पंखा अंगावर भट्टीचा वारा सोडतो. सुती कापडाचा उंच मांडव, चारही बाजू मोकळ्या, हे जुनं तंत्र सगळीकडे लागू पडतं. पत्र्याचा ठेंगणा मांडव नको. तापलेला पत्रा स्वतःच डोक्यावर उष्णता ओततो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळ बदलणं, आणि तोच कुणी करत नाही. पाहुण्यांचं हेलिकॉप्टर, पुढची सभा, थेट प्रक्षेपण या सगळ्यांच्या सोयीने मुहूर्त ठरतो. यात नेतेही सुटतात असं नाही: २४ एप्रिल २०२४ ला यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या प्रचारसभेत नितीन गडकरी व्यासपीठावरच भोवळ येऊन कोसळले, उकाड्यामुळे अस्वस्थ वाटल्याचं त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांच्याभोवती सांभाळायला माणसं होती. ती लोकसभेची निवडणूकच १९ एप्रिल ते १ जून अशी सात टप्प्यांत, ऐन वैशाखवणव्यात घेतलेली. शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात मतदानाच्या कामावरचे ३३ जण दगावल्याचं तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्यात होमगार्ड होते, सफाई कामगार होते. निकालाच्या आदल्या दिवशी मुख्य निवडणूक आयुक्त म्हणाले की निवडणूक महिनाभर आधी संपवायला हवी होती. मे महिन्यात ऊन असतं हा शोध ३ जूनला लागला.

कागदपत्रांतही हाच प्रकार आहे. हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला कमाल तापमान किमान ४० अंश मागतं, किनाऱ्यावर ३७, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वाढ. निदान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. दमटपणा या व्याख्येत नाहीच. २०२३ पासून खात्याने प्रायोगिक उष्णता निर्देशांक सुरू केला, त्यात आर्द्रता आहे, हे चांगलं झालं. पण ठाण्या-रायगडातला अधिकारी अजून 'लाट जाहीर झाली का' एवढंच विचारतो. नाही झाली तर परवानगी.

आणि आपत्तींची यादी पाहा. २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या आपत्ती निधीला पात्र बारा आपत्ती ठरवल्या होत्या. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर होतेच. गारपीट होती, टोळधाडीसारखी कीड होती, थंडीची लाटसुद्धा होती. उष्णतेची लाट नव्हती. राज्याला वाटलं तर आपल्या निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत 'स्थानिक आपत्ती' म्हणून खर्च करता येत होता, एवढी फट ठेवली होती. कारण उघड आहे, जरी कुणी तोंडाने म्हणत नसलं: यादीत घातलं की मृत्यूमागे भरपाई आली, भरपाई आली की मोजणी आली. आज मोजणीच धड नाही. उन्हात काम करून रात्री घरी गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' लिहिलं जातं. शरीराचं तापमान मृत्यूआधी कुणी मोजलेलं नसेल तर उष्माघात सिद्ध करणंही अवघड. त्यामुळे आरोग्य खातं, गुन्हे नोंद विभाग आणि हवामान खातं यांचे आकडे एकमेकांना भेटत नाहीत.

मोजायचं ठरवलं तर जमतं, हे अहमदाबादने दाखवलं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली याचा हिशेब काढला, तो १,३४४ निघाला. दाखल्यावर काय लिहिलंय याच्या भानगडीतच ते पडले नाहीत. त्यावरून २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा झाला: आगाऊ इशारा, रुग्णालयांना सूचना, बागा दुपारी उघड्या, बांधकामाच्या वेळा बदललेल्या. नंतरच्या अभ्यासात वर्षाला हजाराहून जास्त मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. नागपूरनेही पुढे तो कित्ता गिरवला. किनारपट्टीला मात्र अहमदाबादची नक्कल चालणार नाही. अहमदाबादच्या इशाऱ्याचा उंबरठा तापमानावर बेतलेला आहे आणि मुंबई-ठाणे-रायगड-गोव्यात तो दमटपणावर बेतायला हवा.

तोवर सभेला, लग्नाच्या वरातीला, पोलीस भरतीच्या मैदानावर माणूस कोसळला तर काय करायचं ते माहीत असलेलं बरं.

ओळखायची खूण एकच धरा: डोकं फिरणं. बरळणं, झोकांड्या, विनाकारण चिडणं, झटके, बेशुद्धी. यातलं काही आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हा समज जीवघेणा आहे. श्रम करताना झालेल्या उष्माघातात अंग चिंब असू शकतं. कपाळावर रोखायच्या थर्मामीटरवर विसंबू नका, उन्हातल्या घामट कपाळावर तो काहीही दाखवतो.

आधी गार करा, मग हलवा. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलं की आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तिथले जिवाणूंचे विषारी अंश रक्तात शिरतात, स्नायू विरघळून मूत्रपिंडं तुंबतात, रक्त नको तिथे गोठतं. अर्ध्या तासात ३९ पर्यंत उतरवलं तर बहुतेक जण वाचतात. सर्वात भरवशाचं साधन म्हणजे ताडपत्री: माणसाला तिच्यात निजवा, सहा जणांनी कडा उचलून खोलगट धरायची, शंभर-दीडशे लिटर पाणी आणि उसाच्या रसवाल्याकडचा किंवा कोळ्यांकडचा बर्फ ओतायचा, पाणी हलवत राहायचं, डोकं वर धरायचं. मिनिटाला साधारण ०.१५ अंश उतरतो, म्हणजे ४२ वरून ३९ ला वीसेक मिनिटं. ताडपत्री नसेल तर कपडे सैल करून अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. नुसत्या बगलेत बर्फाच्या पिशव्या ठेवणं फार हळू काम करतं.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉल नको, हा ताप मेंदूने चढवलेला नसतो, गोळीला उतरवायला काही नसतं आणि यकृतावर बोजा वाढतो. खिशातल्या कांद्याने काही बिघडत नाही आणि काही साधतही नाही. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या थकलेल्या माणसाला ओआरएस द्या. पुडी नसेल तर एका लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजपंचे टाकू नका, जास्त झालं तर उलटी होते.

१०८ ला फोन ताडपत्री पसरतानाच करा, गाडी येईतो बर्फ चालू ठेवा. आणि माणूस उठून बसला, 'आता बरं वाटतंय' म्हणाला, तरी रुग्णालयात न्याच. यकृत आणि मूत्रपिंडांचा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासणीत दिसतो. गडद, चहासारखी लघवी दिसली तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा.